बोक्याला घेऊन इंदापूरला

वडगाव निंबाळकरला आमच्या अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत आहे. पलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, राहतात, अलीकडे मी आणि माझा नवरा. वाटण्या झाल्या तेव्हा शेत, गोठा, भांडीकुंडी सगळं नीट मिटलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मात्र शब्दाला शब्द लागला आणि बोलू नये ते दोन्हीकडून बोललं गेलं. थोरले दीर त्याआधीच गेले होते. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. कुणाच्या लग्नात समोरासमोर आलो तर मी पदर सारखा करायची आणि आक्का शेजारच्या बाईशी बोलायला लागायच्या.

बोका त्यानंतर आला. उसाची तोड चालू असताना फडात एक पिवळं पिल्लू सापडलं. तोडकऱ्यांना आधी ते बिबट्याचं वाटलं, त्यामुळे थोडी पळापळ झाली. मग ते मांजराचं आहे हे कळल्यावर कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोन दिवसांनी ते आमच्या भिंतीवर येऊन बसलं. सकाळी धारांच्या वेळी आक्कांच्या गोठ्यात जायचं, मी शाळेत शिकवून आले की माझ्या पायात घोटाळायचं. मी त्याला एका नावाने हाक मारायची, आक्का दुसऱ्या. तो दोन्हींना ओ द्यायचा. बघता बघता त्याचा चांगला जाडजूड बोका झाला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो मला अंगणातल्या वाळूच्या ढिगावर बसलेला दिसला. बांधकामाची उरलेली वाळू होती, तीच त्याची जागा. तो उकरायचा, बसायचा, उठायचा, पुन्हा जरा बाजूला उकरून बसायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. भाकरी करता करता दोनदा बाहेर जाऊन आले. वाळू कोरडी होती. पोट साफ होत नसेल असं वाटलं. नवरा म्हणाला, काहीतरी खाल्लं असेल, सकाळपर्यंत होईल बरा. त्याची साखर कारखान्यात नोकरी, गळीत हंगाम सुरू, घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला.

सकाळी बोका भिंतीजवळ बसून स्वतःला सारखा चाटत होता. मी उचलायला गेले तर असा ओरडला की मी हात मागे घेतला. शनिवारची सकाळची शाळा होती. वर्गात मुलं वाचत होती आणि मी दाराशी उभी. कुठे काय वाचतायत ते कळत नव्हतं. एका मुलीने तोच परिच्छेद दुसऱ्यांदा वाचला तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि माझ्या लक्षात आलं की पुढचं पान मीच सांगायचं राहिलं होतं.

शाळा सुटल्यावर घरी आले तर बोका नव्हता. वॉशिंग मशीनच्या मागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं, वाळूवर पाहिलं. त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात पातळ उलटी पडली होती. तेवढ्यात पलीकडच्या गोठ्यातून पुरुषाचा आवाज आला. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले होते, आक्कांच्या गाईला बघायला. मी भिंतीवरून डोकावले. आक्का गोठ्याच्या दारात खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात पोत्यावर बोका आडवा पडला होता. डॉक्टर त्याचं पोट चाचपत होते.

मी विचार केला नाही. रस्त्याने वळसा घालून त्यांच्या फाटकातून आत गेले. त्या फाटकाची कडी आता वेगळी होती, मला ती पटकन उघडता आली नाही. आक्कांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकदमच सांगितलं. लघवी तुंबली आहे, पिशवी मोसंबीएवढी कडक झाली आहे. नळी घालून मोकळी करावी लागेल, पण त्यांच्याकडे असतात त्या गाई-म्हशींच्या, बोक्याला लागते ती पार बारीक, ती त्यांच्याकडे नाही. उगाच इंजेक्शन देऊन वेळ घालवणार नाही, असंही म्हणाले.

"आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या," ते म्हणाले. "उद्यावर ढकलू नका. उद्या हा राहील याची खात्री नाही."

माझ्याकडे स्कूटर होती. आक्कांना गाडी येत नाही. एकीने चालवायची तर दुसरीने धरायचं, हे दोघींनाही कळलं. आक्का आत गेल्या, टोमॅटो भरायची प्लॅस्टिकची दोन कॅरेट घेऊन आल्या, एकात जुनं लुगडं अंथरलं, बोक्याला त्यात ठेवलं, दुसरं वर पालथं घातलं आणि चारी बाजूंनी सुतळीने आवळलं. मग हात धुऊन, तशाच गोठ्यातल्या लुगड्यावर, माझ्या मागे येऊन बसल्या.

बारामतीचा रस्ता मी रोज नसला तरी आठवड्याला करते. त्या दिवशी तो संपेना. ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, त्यांच्या मागे अडकलं की पुढचं काही दिसत नाही, नुसती वाढ्यांची, उसाच्या शेंड्यांची, हिरवी भिंत हलत असते. मी ओव्हरटेक करायला बाहेर काढायची आणि पुन्हा आत घ्यायची. मागून बोक्याचा आवाज यायचा, घशातून निघालेला, लांबट. तो बंद झाला की मला जास्त भीती वाटायची. एकदा बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून मी कडेला थांबले. आक्कांनी कॅरेटच्या फटीतून बोट घातलं आणि श्वास चालू आहे अशी मान हलवली. मी पुन्हा गाडी सुरू केली.

बारामतीत कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. तिथे रांगेत एक पांढरं केसाळ कुत्रं आणि त्याची मालकीण होती. तिने आमच्याकडे बघून आपणहून नंबर सोडला. तरुण डॉक्टर होते. त्यांनी बोक्याला टेबलावर घेतलं, भूल दिली, नळी घालायचा प्रयत्न केला. मी दाराशी उभी होते, मग बाहेर आले, मग पुन्हा दाराशी. नळी आत जाईना. वाटेत खड्यासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. शेवटी त्यांनी पोटातून सुई घालून लघवी काढून घेतली. सिरिंजमध्ये ती लालसर काळी दिसत होती.

"ही तात्पुरती सोय झाली," ते म्हणाले. "काही तास निभावतील. पण वाट मोकळी झाली नाही तर पिशवी पुन्हा भरणार. पुण्याला नेलंत तरी चालेल, पण इंदापूर जवळ आहे. तिथे माझी वर्गमैत्रीण आहे, मांजरांची असली कामं ती करते. मी फोन करतो."

मी नवऱ्याला फोन लावला. कारखान्यात आवाज इतका की त्याला निम्मं ऐकू आलं नाही. तो पाळीवरून सुटू शकत नव्हता. हायवेवरून तेवढ्या लांब स्कूटर न्यायची मला हिंमत नव्हती. मी ती दवाखान्याशेजारीच लावली आणि आम्ही रिक्षाने स्टँडवर गेलो. इंदापूरची एसटी लागलेलीच होती.

कंडक्टरने कॅरेटकडे बोट दाखवलं. भाजी असेल तर टपावर टाका म्हणाला. मी काय सांगावं याचा विचार करत होते तोवर आक्का म्हणाल्या, "मांजर हाय. लई आजारी हाय. इंदापूरला डाक्टरकडं न्यायचंय." त्यांनी इतकं सरळ सांगितलं की कंडक्टरला पुढे काही विचारता आलं नाही. त्याने मागच्या बाकाकडे मान हलवली.

दोघींच्या मांडीवर मिळून ते कॅरेट बसलं. एकीने पाय हलवला की दुसरीला तोल सांभाळावा लागायचा. मला एका जागी बसवत नाही, लहानपणापासूनच नाही. मी खिडकी उघडली, वारा लागेल म्हणून बंद केली, लुगडं सारखं केलं, फटीतून बघितलं. भूल अजून उतरली नव्हती. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि जिभेचं टोक बाहेर आलं होतं. भवानीनगरला गाडी थांबली, मग कारखान्याकडे वळणाऱ्या बैलगाड्यांमागे रांगली. मी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होते, जणू त्याने नुसतं मनावर घेतलं असतं तर गाड्या बाजूला झाल्या असत्या.

लासुर्णे मागे पडल्यावर आक्का बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत.

"तू काय घालत व्हतीस त्याला?"

इतक्या वर्षांनी मला उद्देशून आलेलं ते पहिलं वाक्य. मला आधी त्यात आरोप ऐकू आला. मी सांगितलं, पिशवीतलं कोरडं खाणं, दुकानात मिळतं ते. सकाळी मूठभर, शाळेतून आल्यावर मूठभर, आणि रात्री मागितलं तर थोडं.

आक्कांनी कॅरेटच्या सुतळीची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "आन मी दूध, आन सांजच्याला सुकट. मला वाटायचं तू उपाशी ठिवतीस. असा वरडत यायचा."

"माझ्याकडेही तसाच ओरडत यायचा," मी म्हणाले. "मला वाटायचं तुम्ही त्याला नुसतं उंदरांवर ठेवलंय."

हसू दोघींनाही आलं नाही. त्या वेळी येण्यासारखं नव्हतं. पण निमगाव केतकीला गाडीने गचका दिला तेव्हा आक्कांनी एका हाताने कॅरेट धरलं आणि दुसऱ्या हाताने माझा दंड. पुढे रस्ता सरळ लागल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

इंदापूरच्या डॉक्टर मध्यम वयाच्या होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. त्या वाटच बघत होत्या. बोक्याला आत घेताना त्यांनी विचारलं, "मांजर कुणाचं?"

"हिचं," आक्का म्हणाल्या.

"ह्यांचं," मी म्हणाले, त्याच वेळी.

डॉक्टरांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "काही कमीजास्त झालं तर मी कुणाला विचारायचं?"

उत्तराची वाट न बघता "बरं, दोघी बाहेर थांबा," म्हणून त्या आत गेल्या.

बाहेर ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. आक्का एका खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. हात मांडीवर, डोळे रस्त्यावर. मी दारापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दारापर्यंत चालत होते. शेजारच्या डाळिंबाच्या रोपांच्या नर्सरीत जाऊन पाटी वाचून आले. दुसऱ्यांदा वाचून आले. आतून काही आवाज येतो का बघायला दाराला कान लावला, तर आतून कुणीतरी दार उघडलं आणि मी पडता पडता वाचले. ती तिथली मदतनीस होती, पाणी आणायला निघालेली.

"बस की जरा," आक्का म्हणाल्या. "ह्यांच्या येळंला मी बी अशीच हिंडत व्हते. पाय दुखत्यात, दुसरं काय व्हत न्हाय."

मला ते दिवस आठवत होते. थोरले दीर बारामतीच्या दवाखान्यात होते तेव्हा मी डबा घेऊन जायची. भांडण नंतरचं. त्या वेळी आक्का त्या लांबलचक पॅसेजमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या आणि मी त्यांना बसा म्हणायची. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. फार वेळ बसवलं नाही, पण बसले.

उन्हं उतरली तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. नळी गेली होती. पिशवी धुतली होती, नळी तशीच ठेवून टाके घातले होते, सलाईन चालू होतं. पण रक्ताच्या तपासणीत किडनीवर खूप ताण दिसत होता. त्याला तिथेच ठेवावं लागेल, निदान सोमवार-मंगळवारपर्यंत. तो वाचेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आज मी हो म्हणणार नाही."

आक्कांच्या गाईंच्या धारा राहिल्या होत्या. त्यांनी शेजारणीला फोन करून सांगितलं होतं, तरी त्यांचा जीव तिकडे ओढत होता. आम्ही मिळाली ती एसटी पकडून परत निघालो. कॅरेट रिकामं होतं, तरी ते दोघींच्या मांडीवरच ठेवलं. बारामतीहून स्कूटरने घरी आल्यावर त्या त्यांच्या फाटकातून गेल्या, मी माझ्या.

रविवारी मी एकटी जाऊन आले. बोका पिंजऱ्यात कोपऱ्याकडे तोंड करून बसला होता, पायाला सुई, मागे नळी. मी नावाने हाक मारली तर कान हलला, एवढंच. परत आल्यावर कपडे न बदलता भिंतीशी गेले. आक्का पलीकडे यंत्रावर वैरण कापत होत्या. मी सगळं सांगितलं: सलाईन चालू आहे, लघवी आता लाल नाही, खात नाही. त्या ऐकत होत्या, यंत्र बंद करून. सोमवारी त्या गेल्या, आणि संध्याकाळी तशाच भिंतीशी येऊन त्यांनी मला सांगितलं. वाटीभर पाणी प्याला, म्हणाल्या. शाळेत दिवसभर माझं लक्ष मोबाईलवर होतं. हेडमास्तरांनी घरी सगळं ठीक आहे ना विचारलं तेव्हा मांजर आजारी आहे हे सांगायची मला लाज वाटली, आणि मग लाज वाटली याचाच राग आला.

मंगळवारी डॉक्टरांनी नळी काढली आणि बुधवारी सकाळी फोन केला. पुन्हा तुंबलं होतं. आता दोन वाटा होत्या. ऑपरेशन करून लघवीची वाट कायमची मोठी करायची, मादीला असते तशी. किडनी आता बरी दिसत होती, पण अंगात ताकद कमी, त्यामुळे भुलीचा धोका होता. नाहीतर त्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवायचं. दोन्हीपैकी काय ते दुपारपर्यंत सांगा म्हणाल्या.

मी किरकोळ रजा टाकली. या वेळी आम्ही दोघी एकत्र गेलो. एसटीत मी ऑपरेशनच्या बाजूने बोलत होते. आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर जनावरं सांभाळली. कवा सोडायचं ते कळाय पायजे. तुला त्याला ठिवून घ्यायचंय ते तुझ्यासाठी का त्याच्यासाठी?"

मला राग आला. वाटलं, यांना सगळंच असं कापून टाकता येतं. मी खिडकीकडे तोंड केलं, आणि इंदापूर येईपर्यंत आम्ही पुन्हा पूर्वीसारख्या झालो.

दवाखान्यात आक्का म्हणाल्या, मी आधी एकटी बघून येते. मी बाहेर राहिले. नर्सरीची पाटी तोंडपाठ झाली होती, म्हणून रस्त्याच्या कडेने चालत राहिले. मनात मी सगळी वाक्यं जुळवत होते: त्या नको म्हणाल्या तर मी काय म्हणेन, डॉक्टरांना काय सांगेन, मांजर माझंच आहे असं सांगेन. हे शेवटचं वाक्य मी दोनतीनदा घोळवलं.

आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरलं होतं. मूठ उघडून दाखवलं. दोन बारीक छिद्रं, त्यातून रक्त येत होतं.

"चावला," त्या म्हणाल्या. "हात लावला तर असा चावला. जोर हाय अजून." आणि मग, "करा म्हनावं ऑपरेशन."

डॉक्टरांनी आधी त्यांचं बोट साबणाने धुऊन औषध लावलं, त्यांना धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं, आणि मगच बोक्याकडे वळल्या. ऑपरेशन किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही. मी घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की त्याला अर्थ राहिला नव्हता. आक्का मध्येच उठल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेने स्टँडच्या दिशेने थोडं जायचो आणि परत यायचो. त्यांनी त्यांच्या एका गाईचं सांगितलं, जी अडलेल्या वासरापायी गेली होती. मी वर्गातल्या मुलांचं काहीतरी सांगितलं. कोण काय बोलतंय याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

तो वाचला. भूल उतरायला वेळ लागला आणि दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. शनिवारी त्याला घरी सोडलं, गळ्यात सुपासारखी प्लॅस्टिकची कॉलर, मागचा भाग सगळा भादरलेला. डॉक्टरांनी बजावलं: कोरडं खाणं बंद, सुकट बंद, पाणी भरपूर, वजन कमी. आणि दोन्हीकडे खायला घालायचं पूर्णपणे बंद, एकाच घरात.

कुठल्या घरात, हा प्रश्न आला. गोठ्यात माती आणि शेण, टाके ओले, म्हणून टाके निघेपर्यंत तो माझ्याकडे राहील असं ठरलं. आक्का रोज दोनदा यायच्या, जखम पुसायला. मला ते जमायचं नाही, मी धरायची. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या आणि आत यायच्या आधी क्षणभर घराकडे पाहिलं. पूर्वी ज्या खोलीत त्यांचं देवघर होतं, तिथे आता आमचा फ्रिज आहे. मग त्या खाली बसल्या, कापूस मागितला.

ती जखम भरली. बोका पुन्हा भिंतीवर चढायला लागला, आधीपेक्षा बारीक आणि जरा जास्त चिडका. खाणं आक्का शिजवतात, मी पाण्याच्या वाट्या भरते, त्याला आता दोन्ही घरांत मिळून चारपाच वाट्या आहेत. आमच्यातलं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. परवाच पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं, चांगलं वाजलं, आणि मीही मधे बोलले. संध्याकाळी फोन वाजला. आक्कांचा होता, पलीकडच्या गोठ्यातून.

"आज प्याला का ग पानी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, प्याला, दोनदा. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. त्या अजून रागातच होत्या, आवाजावरून कळत होतं. मीही होते. मी हातातलं काम टाकून अंगणात गेले, तो कुठे आहे ते बघायला.